मूठभर गहू

देवरावांच्या गिरणीत एक नियम होता आणि तीस वर्षांत तो कोणी मोडला नव्हता. आधी गहू, मग ज्वारी, सगळ्यांत शेवटी डाळ. गव्हात ज्वारीचं पीठ मिसळलं तर पोळी काळपट होते आणि बाया तोंडावर बोलून दाखवतात. ज्वारीत थोडा गहू आला तर कोणी चकार शब्द काढत नाही, भाकर जरा मऊ होते म्हणून उलट खूशच असतात. मारेगावच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की लागणाऱ्या त्या गावात आणि शेजारच्या तांड्यातही हा नियम लेकराबाळांना पाठ होता.

मागच्या पौषापासून मात्र तो रोज सकाळी एकदा मोडला जायचा. दिवसाचं पहिलं दळण पायलचं, आणि तेही निव्वळ ज्वारीचं. देवराव पहाटेच उठून दगड झाडायचे, पुसायचे आणि नातीचं शेरभर पीठ काढून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायचे. मगच गिरणीचं पुढचं दार उघडायचं.

त्या वेळी कांताबाई मागच्या खोलीत वंदनेला बसलेली असायची. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती, दोन उदबत्त्या, मग त्रिसरण, पंचशील. तिच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. बाळंतपणाचे दिवस सोडले तर हे कधी चुकलं नाही. पौर्णिमेला आठ शीलं, दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही. भिंतीपलीकडे मोटर सुरू झाली की तिचा आवाज आणि गिरणीचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे. पोरीचं पीठ होऊन राह्यलं, या विचारानं तिला त्या घरघरीचंही बरं वाटायचं.

पायल सात वर्षांची. मुलगा राजदीप आणि सून दीपा यांची एकुलती एक. तिसऱ्या वर्षापासून तिचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काडीसारखे. जुलाब थांबायचे नाहीत. रक्त वाढायची औषधं झाली, जंताची झाली, नजर काढून झाली. कांताबाईचा नजरेवर विश्वास नव्हता, तरी शेजारणीनं काढली तेव्हा ती गप्प बसली. पोरगी हडकुळी म्हणून तिनं स्वतः काय केलं, तर रोज गव्हाची मऊ पोळी, वरून तूप, दुधात कुस्करून. खात नसली तर मांडीवर घेऊन, चिमणीचा घास, कावळ्याचा घास. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून, दुर्बिणीनं आतडं पाहून रोगाचं नाव सांगितलं, तेव्हा कांताबाईला आधी ते सगळे घास आठवले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला मायाळू. त्यांनी विचारलं होतं, "आजी, लहानपणी कच्चे गहू चावून चिंगम केलंय का?"

कांताबाई काही म्हणायच्या आत पायलच बोलली, "आबानं मले शिकवलं! मी लय मोठं करतो."

"बघा. चावत राहिलं की पीठ पोटात जातं आणि तोंडात रबरासारखं उरतं. ते ग्लुटेन. त्याच्यामुळे पोळी ताणली जाते, फुगते. ज्वारीत ते नसतं, म्हणून भाकर लाटता येत नाही, थापावी लागते. आपल्याला त्याचं काही होत नाही. पण हिचं शरीर त्याला दुश्मन समजतं आणि त्याच्याशी भांडताना आपलंच आतडं सोलून काढतं. आत मखमलीसारखी लव असते ना, ती हिची झडून गेलीय. मग खाल्लेलं अंगी कुठून लागणार?"

"गोळी?" राजदीपनं विचारलं.

"गोळी नाही. गहू नाही, रवा नाही, मैदा नाही, जव नाही. कणसुद्धा नको. जन्मभर."

"कण म्हणजे किती जी?" कांताबाईनं विचारलं.

"ज्या तव्यावर पोळी भाजली त्याच तव्यावर भाकर टाकली, तेवढा."

घरी येऊन दीपानं तवा, परात, पोळपाट सगळं नवं केलं. घरात गहू शिजणंच बंद झालं. कांताबाईनं नातीला समजेल असं सांगितलं, "माह्यं कसं शील असते, तसं आता हे तुह्यं." पायलला ते भारी आवडलं. शाळेत कोणाच्या वाढदिवसाला बिस्किटं वाटली की दोन्ही हात पाठीमागं घेऊन ती सांगायची, "माह्यं शील आहे."

सहा महिने असे निघाले. जुलाब कमी झाले, पण थांबले नाहीत. ज्येष्ठात पुन्हा नागपूरला नेलं तर उंची तेवढीच, आणि रक्तातला जो आकडा निम्म्यावर यायला हवा होता तो होता तिथंच बसलेला.

डॉक्टरीणबाई कागद पाहत म्हणाल्या, "कुठून तरी जातंय हिच्या पोटात. घरातच कुठून तरी. शोधा."

घरी आल्यावर कांताबाई ओट्यापाशी तांदूळ निवडत होती, तिथं दीपा येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आई, रागावू नका. एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही कधी पोळी देल्ली का तिले? मायेनं... एखादा तुकडा?"

कांताबाईचा हात सुपातच थांबला. "नाही देल्ली वो माय."

"तसं नाही, पण—"

"नाही देल्ली."

दीपानं मान हलवली, पण तिची नजर जमिनीवरून उठली नाही. कांताबाईनं आवाज चढवला नाही. तिला ते कधी जमलंच नव्हतं. पण त्या रात्रीपासून दीपा पायलचं ताट स्वतःच वाढू लागली, आणि कांताबाई स्वयंपाकघरात गेली की कशाला ना कशाला मागोमाग यायची. रोज सकाळी खोटं बोलणार नाही म्हणून शील घेणाऱ्या बाईला आपल्याच घरात कोणी तरी पहारा देतंय असं वाटू लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा स्वतःवरचाही भरवसा उडाला. लग्नातल्या पंगतीत, कोणाच्या घरी, झोपेत, विसरून, दिला तर नसेल एखादा घास?

त्या सकाळी वीज लवकर जाणार म्हणून देवरावांनी गिरणी अंधारातच सुरू करायला घेतली. कांताबाई वंदनेला बसली तर काड्यापेटी रिकामी. देवरावांच्या गल्ल्याजवळ एक असते म्हणून ती मधलं दार लोटून गिरणीत आली.

देवराव पाठमोरे होते. कुंच्यानं ते दगड झाडत होते, हळूहळू, एखाद्या लेकराचं डोकं पुसावं तसं. फुंकर मारली, फडकं फिरवलं. मग बाजूच्या पोत्यात हात घालून मूठभर गहू काढले, गिरणीच्या तोंडात सोडले आणि खटका दाबला. मूठभर गव्हाचं पीठ निघालं ते त्यांनी वेगळ्या टोपल्यात झटकून काढलं. मग पायलच्या ज्वारीचा डबा उचलला.

"हे काय केलं तुम्ही?"

देवराव दचकले. "तू कायले आली इकडं? दगड साफ केला."

"गहू टाकून?"

"मंग? काल शेवटी डाय दयली. दगडाच्या खाचीत शिळं पीठ बसते. पोट्टीच्या पिठात ते याव का? माह्या बापापासून हे चालू आहे. सकाळी दगडाले पयले मूठभर गहू चारायचे. गव्हावानी दगड कोनी साफ करत नाही. चिकट असते ना, सारं संगं घेऊन जाते." ते हसले. "अन् ते पीठ मी चिमण्यायले टाकतो, तिच्या डब्यात नाही."

कांताबाईनं काड्यापेटी घेतली आणि आत आली. मेणबत्ती लावली. हात जोडले. बोलली नाही तर ते खोटं होत नाही, एवढं तिला कळत होतं. उद्यापासून गहू टाकू नका, एवढंच सांगितलं तरी चाललं असतं. साठी उलटलेला माणूस, दिवसातलं सगळ्यांत निर्मळ काम म्हणून जे करतो ते हेच. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, जीभ अडली. ती उठून पुन्हा गिरणीत गेली.

"राजदीपचे बाबा, मोटर बंद करा."

"काहून?"

"ते चिकट आहे ना जी... जे सारं संगं घेऊन जाते म्हनता... तेच तिले चालत नाही. डॉक्टरीणबाईनं सांगतलं तेच हे. ते दगडाले बसते. अन् मंग तिची जवारी त्याच्यावरून जाते."

देवरावांनी खटका बंद केला. पट्टा फटफट करत थांबेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत होते. मग पोत्यावर बसले. "रोज?" त्यांनी विचारलं. तिला नाही, असंच. "सहा महिने रोज म्या...?"

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर खांद्यावरून पीठ उडालं.

दीपाला कळलं तेव्हा ती रडली नाही की ओरडली नाही. "आई, मी तुम्हाला उगाच..." एवढंच म्हणाली. राजदीपनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. फोनमधून येणारा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"गिरणी? घरातच? हे आधी का नाही सांगितलं?"

राजदीप गडबडला. "म्हंजे म्याडम... ते तर घरच आहे आमचं."

खरं होतं. स्वयंपाकघर आणि गिरणी यांच्यात एक भिंत, एक दार. पायल त्या दारात खेळली, पिठाच्या ढिगावर बोटानं अ-आ शिकली. गिरणी कुठं वेगळी सांगायची असते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नुसता दगड नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पीठ हवेत असतं. भांड्यावर बसतं, घशात जातं, पोटात उतरतं. मुलगी तिथं राहता कामा नये. किंवा गिरणी तरी."

देवरावांनी त्याच दिवशी गिरणीला कुलूप लावलं.

चार दिवसांनी तांड्यावरची सुखीबाई डोक्यावर डबा घेऊन आली. कुलूप पाहून ओट्यावर बसकण मारली. "काय वो कांताबाई, देवरावदादाले काय झालं? आमी का आता गहू कच्चे चावाव?"

कांताबाईनं तिला सगळं सांगितलं. सुखीबाई गालावर बोट ठेवून ऐकत राहिली. "गव्हानं मानूस बिमार पडते? नवलच आयकलं बाप्पा. आमचे आजे-पंजे बैलांवर धान्य लादून फिरले, त्याइले तर गहू भेटला नाही म्हनून बिमार पडत होते." मग पायल आतून आली, बारीक मान, फुगलेलं पोट, आणि हसून म्हणाली, "माह्यं शील आहे, आजी." सुखीबाईचा चेहराच उतरला. "याडी वो," ती हलक्या आवाजात म्हणाली, आपल्या बोलीत आईला हाक मारावी तशी. दुसऱ्या दिवशी नातवाच्या मोटारसायकलवर ती एक जुनं जातं घेऊन आली. "माह्या सासूचं. यानं जवारीशिवाय काही पाह्यलं नाही. शपथ."

त्या जात्यावर दीपा दळू लागली. पण ती दळायची त्याच घरात.

देवराव आणि राजदीपनं घर धुवायला काढलं. टिनाचं छत झाडलं, भिंतींना चुना दिला, नळीच्या पाण्यानं फरशी तीनदा धुतली. गहू गेले, पोती गेली. गावातली माणसं दोन कोसांवर दळायला जाऊ लागली आणि येताना आवाज ऐकू येईल असं पुटपुटू लागली. राजदीप पांढरकवड्याला एका ढाब्याजवळच्या पेट्रोलपंपावर कामाला होता; त्याच्या एकट्याच्या जिवावर घर ओढायचं तर किती दिवस, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाविसाव्या दिवशी देवरावांनी जुन्या छत्रीचं काळं कापड काढलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलं. "उद्या सकाळी पाहू," म्हणाले. सकाळी चौघंही भोवती उभे राहिले. कापड करडं झालेलं होतं. देवरावांनी बोटानं रेघ ओढली तर काळी रेघ स्पष्ट उमटली. त्यांनी काठीनं छताची लाकडी बल्ली ठोकली. पांढरं, बारीक, जणू काही झालंच नाही अशा संथपणे खाली आलं. तीस वर्षांचं पीठ घराच्या हाडापर्यंत गेलेलं होतं.

"मी तिले नेरले नेतो," दीपा म्हणाली. "माह्या आईकडं. शाळाबी आहे."

देवरावांनी कापडाची घडी घातली.

निघायच्या दिवशी आषाढी पौर्णिमा. भिक्खूंचा वर्षावास सुरू झालेला, कांताबाई पांढऱ्या साडीत. देवराव विहिरीवर दोनदा अंघोळ करून आले, धुतलेला सदरा घातला. पण पायल धावत आली तेव्हा ते दोन पावलं मागं सरले आणि हात उंच करून म्हणाले, "थांब बेटा, आबाच्या कानात पीठ आहे." पोरीला ती गंमत वाटली. ती खदखदून हसली. देवरावही हसले आणि मग गोठ्याकडे निघून गेले, बैल जाऊन सात वर्षं झाली होती त्या गोठ्याकडे.

कांताबाईनं हात कोपरापर्यंत धुतले, नवा टॉवेल घेतला आणि नातीच्या वेण्या घातल्या.

"आजी, तू आज बारा वाजल्यावर जेवशील नाही ना?"

"नाही."

"मंग उद्या सकाळी सुटते ना तुह्यं शील?"

"व्हय."

"माह्यं कधी सुटते?"

कांताबाईनं वेणीचा पेड घट्ट ओढला. दारात दीपा बॅग घेऊन उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

"तुह्यं सुटत नाही बेटा."

"पौर्णिमेलेबी नाही?"

"नाही."

पायलनं थोडा विचार केला. "मंग माह्यं तुह्यापेक्षा मोठं आहे," ती म्हणाली आणि रिबिनीचं फूल नीट झालं का हे आरशात पाहायला गेली.

जातंही गाडीवर चढलं. पुढच्या आठवड्यात गिरणीचं कुलूप उघडलं. सुखीबाई पहिली आली. देवरावांनी सवयीनं पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि तशीच धरून उभे राहिले. सुखीबाईनंच शेवटी ती मूठ आपल्या हातानं उघडून गहू परत पोत्यात पाडले. "असंच दयून द्या दादा," ती म्हणाली. "आमाले चालते शिळं."

तीन महिन्यांनी नेरहून फोन आला. आकडा निम्म्याखाली आला होता. वजन वाढलं होतं. राजदीप फोनवर रडत होता, आनंदानं. कांताबाईनं तथागतापुढं हात जोडले आणि तिला कळेना की आपण काय मागायला उभ्या आहोत. पोरगी बरी होत होती, आणि म्हणूनच परत येणार नव्हती.

आश्विन पौर्णिमेला ती नेरला निघाली. देवराव नाही आले. "मी आलो तर काही ना काही घेऊन येईन अंगावर," म्हणाले. यवतमाळला गाडी बिघडली, दोन तास गेले. दीपाच्या आईकडे पोचल्यावर तिनं कोणाला हात लावला नाही. सरळ न्हाणीघरात गेली, डोक्यावरून अंघोळ केली आणि तिच्यासाठी तिथंच धुऊन ठेवलेली पांढरी साडी नेसली. मग बाहेर आली.

पायल झेपावली. तिचे गाल भरले होते. दंडाला धरलं तर बोटांत मांस आलं. आजीच्या मानेत नाक खुपसून ती क्षणभर तशीच राहिली, मग मागं सरून तिच्याकडे पाहू लागली. "आजी, तुले आजीचा वास येऊन नाही राह्यला."

"आंघोळ केली ना बेटा."

"हो का." पायलनं ते मानलं, पण पूर्ण मानलं नाही. मग आठवून ती आत पळाली आणि झाकलेलं ताट घेऊन आली. "भाकर म्या केली. दयलंबी म्या थोडं. आईनं फक्त तव्यावर टाकली."

भाकर वाकडी होती, एका कडेला फाटलेली. वर मिरचीचा ठेचा, बाजूला वरण. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

दीपानं घड्याळाकडे पाहिलं, मग सासूकडे. कांताबाईनंही पाहिलं. चाळीस वर्षांत एकदाही नाही. पण सात वर्षांची पोर, कडेला फाटलेली भाकर. तिनं हात पुढं केला.

पायलनं ताट मागं ओढलं.

"बारा वाजून गेले आजी."

"असू दे. एक तुकडा."

"नाही." तिनं ताटावर झाकण ठेवलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि डॉक्टरीणबाईंसारखा शहाणा चेहरा करून सांगितलं, "कणबी नाही चालत."

परतीची गाडी तीनला होती. तोवर दोघी त्या झाकलेल्या ताटाच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.